तिसरी-चौथीच्या पोरांना 'गुड टच बॅड टच' हा विषय शिकवायचा कसा? मी पुरुष शिक्षक, अडचण तिथूनच सुरू होते

खडूफळा
शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, दोनशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एका सरांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. दोघंही पुरुष. बाईमाणूस म्हणाल तर खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि शेजारच्या खोलीत अंगणवाडीच्या ताई. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं त्यानंतर वरून पत्रांवर पत्रं आली, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समितीची (शाळेतली मुलांच्या सुरक्षेची समिती) बैठक घ्या, बैठकीचा फोटो ग्रुपवर टाका. आम्ही सगळं केलं. पेटीला नवीन कुलूप पण आणलं. आजवर त्यात दोनच चिठ्ठ्या निघाल्यात, एक "खिचडीत बटाटा जास्त टाका" आणि दुसरीत कोणी कोणाला कोणती शिवी दिली ते, शिवीसकट, आणि शुद्धलेखन बरोबर होतं हे विशेष.

पण पोरांना प्रत्यक्ष शिकवायचं काय आणि कसं? गेल्या वर्षी एकदा 'गुड टच बॅड टच'चा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला. मुलगे खीखी करायला लागले, मुली खाली माना घालून बसल्या, मी घामाघूम, सात-आठ मिनिटांत गुंडाळलं आणि भागाकार काढला. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे आजोबा शाळेत हजर, "मास्तर, पोरींना काय शिकवाय लागलाय तुम्ही?" मी काय उत्तर देणार, चहा पाजला आणि पाठवलं. तेव्हापासून विषय काढायची हिंमत नाही.

त्यात आता मोबाईल. लॉकडाऊनपासून पोरांच्या हातात बापाचा फोन आलाय तो काही परत गेला नाही. परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक जण दुसऱ्याला फुशारकी मारत होता की गेममधला एक दादा त्याला कॉइन देतो, फक्त फोटो पाठवायचे. आधी शाळेचा मागितला, मग म्हणे शर्ट काढून पाठव. हसत हसत सांगत होता. मी म्हटलं असल्या लोकांशी बोलायचं नाही, फोन कमी बघत जा, अभ्यास कर. तर माझा प्रश्न असा की या वयाला झेपेल असं, गावात गोंधळ न होता, हे सगळं शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची? कोणाकडे तयार तासिका असेल तर द्या.

(संपादित: पट, तालुका आणि मुलाबद्दलचे तपशील काढले. कारण खाली आहे.)

निंबोणी
शनिवार, रात्री ११.२५

सर, मी पुण्यात शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, अकरावं वर्ष चालूये. घामाघूम झालात हे मोकळेपणी लिहिलंत ते फार आवडलं, आम्ही पण पहिल्या वर्षी होतोच.

पहिली गोष्ट, थेट शरीरापासून सुरू करूच नका. सुरक्षेपासून करा. गावातल्या पोराला विहिरीच्या काठावर वाकायचं नाही, विजेच्या डीपीला हात लावायचा नाही, भरल्या ओढ्यात उतरायचं नाही हे नियम पाठ असतात आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. फळ्यावर त्यांच्याकडूनच पाच-सहा नियम लिहून घ्या. मग म्हणा, तसाच एक नियम आपल्या अंगाचा आहे. फळ्यावर साधी आकृती काढा, चड्डी-बनियनच्या आतला भाग आणि तोंड, हा भाग आपला खाजगी, तो दुसऱ्याने बघायचा नाही, हात लावायचा नाही, त्याचे फोटो काढायचे नाहीत, आणि दुसऱ्याचा आपल्याला बघायला-हात लावायला कोणी सांगायचं नाही. सूट फक्त आंघोळ-स्वच्छता आणि दुखणं-खुपणं, तेही आईबाबांना माहीत असताना. एवढंच. हसतील, हसू द्या, तुम्ही पण थोडं हसा आणि पुढे जा. पोराच्या अंगाला हात लावून दाखवायचं मात्र नाही, कधीच, बाहुली घ्या नाहीतर फळा.

'चांगला-वाईट स्पर्श' हे शब्द मी बंद केले. इंजेक्शन दुखतं, मग तो वाईट का? आणि कोणी गोड बोलून गुदगुल्या करत करत हात भलतीकडे नेला तर पोराला तो वाईट वाटतोच असं नाही, मग ते गोंधळतं आणि वर स्वतःलाच दोष देतं की मला आवडलं म्हणजे मीच घाणेरडा. त्यापेक्षा सुरक्षित आणि असुरक्षित म्हणा. मुंबईची अर्पण संस्था या विषयावर २००६ पासून काम करते, त्यांचंही साहित्य बघा.

अवयवांची नावं हा कायमचा वाद आहे. पुस्तकी शब्द पोरांच्या तोंडात बसत नाहीत, पण घरोघरची लाडाची नावं धोक्याची. माझ्याकडे एक मुलगी आठवडाभर सांगत होती की दादा चिमणीला त्रास देतो, आणि वर्गातल्या बाईंनी तिला पक्ष्यांवर दया करावी असं समजावलं. तेव्हा निदान शूची जागा, शीची जागा, छाती असे सगळ्या गावाला कळणारे शब्द तरी ठरवून घ्या.

आणि पुरुष असण्याबद्दल: तासाला अंगणवाडीच्या ताईंना बसवा, दार सताड उघडं, मुलगे-मुली एकत्र, आणि आधी आयांची बैठक. जे पोरांना दाखवणार ते आधी आयांना दाखवा. आजोबा मग येत नाहीत, कारण घरातली सून आधीच त्यांना सांगते.

रावसाहेब६१
रविवार, सकाळी ७.१०

मी शिक्षण खात्यातूनच निवृत्त झालो म्हणून बोलतो, राग मानू नये. सात-आठ वर्षांच्या लेकरांना हे सांगून त्यांची निरागसता घालवायची काय गरज? आमच्या वेळी असलं काही नव्हतं. संस्कार होते. मोबाईल काढून घ्या, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

हवालदारीण
रविवार, सकाळी ९.०५

खडूफळा सर, तुम्ही विचारलंय शिकवायचं कसं, पण मधे एक वाक्य लिहून गेलात त्याच्यावर रात्रभरात कोणीच थांबलं नाही. कोणीतरी नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडे शर्ट काढून फोटो मागतोय. हा शिकवण्याचा विषय नाही राहिला, हा गुन्हा चालू आहे.

मी पोलिसात आहे, सायबरला तीन वर्षं काढली. स्पष्ट लिहिते. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा, कलम १९ प्रमाणे असं काही कळलं किंवा होण्याची शक्यता वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही आणि मलाही. नाही कळवलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्याचं प्रकरण दाबलं तर वर्षापर्यंत. घाबरवायला लिहीत नाहीये. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर काही होत नाही हेही त्याच कायद्यात आहे, आणि खरंखोटं ठरवणं तुमचं काम नाही, तुम्ही फक्त कळवायचं.

आता काय करायचं ते. वडिलांना विश्वासात घ्या, पण आधी त्यांच्याकडून कबूल करून घ्या की पोराला मारणार नाही. फोनमधलं काहीही डिलीट करू देऊ नका, बहुतेक बाप रागाने पहिलं तेच करतात, गेम उडवतात, चॅट उडवतात, आणि मग आमच्या हाती काही राहत नाही. त्या माणसाचा आयडी, तारखा, वेळा कागदावर लिहून ठेवा. मुलाने काही फोटो पाठवले असतील तर ते स्वतःच्या फोनवर घेऊ नका, कोणाला दाखवायला पुढे पाठवू नका, आयटी कायद्याच्या ६७ब मध्ये ते पाठवणारा पण अडकतो, हेतू कितीही चांगला असो. फोन जसा आहे तसा ठाण्यात न्यायचा. मुलगा बनून त्या माणसाशी बोलायचा उद्योग करू नका, सिनेमा वेगळा.

मुलाला ठाण्यात बसवून ठेवतील ही भीती काढून टाका. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकारी, फौजदार किंवा वरची, साध्या कपड्यात, आईबाप जवळ असताना. जवळचं ठाणं नको वाटत असेल तर १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा, तातडीचं असेल तर ११२. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, लोक तिथे फोन करून बसतात आणि वेळ जातो.

आणि तुमच्या पोस्टमधला तालुका, पट वगैरे आत्ताच्या आत्ता काढा. एवढ्या माहितीवर गावातला कोणीही ते पोर ओळखेल.

खडूफळा
रविवार, सकाळी ९.५०

काढलं. ताई, वाचून हातपाय गार पडले. मला खरंच ते 'पोरांचं काहीतरी' वाटलं होतं. आज रविवार, संध्याकाळी त्याच्या घरी जातो. मुख्याध्यापकांना फोन केला तर म्हणाले कशाला नसती कटकट, शाळेचं नाव येईल. त्यांना तुमचं कलम २१ वाचून दाखवलं. आता म्हणतायत मी पण येतो.

निंबोणी
रविवार, सकाळी १०.१५

हवालदारीण ताई, मान्य. मी पण ते वाक्य वाचून पुढे गेले, मलाच चपराक.

सर, जाताना एक लक्षात घ्या. त्या मुलाने तुमच्या कानावर पडेल असं सांगितलं आणि त्याला उत्तर मिळालं फोन कमी बघ. तुम्हाला टोचायला म्हणत नाही, दहातले नऊ जण तेच म्हणतील. पण पोरगं त्यातून शिकतं की हे सांगितलं की फोन जातो. त्या पलीकडच्या माणसाला हे पक्कं माहीत असतं, तो पुढे तेच वापरतो, कोणाला सांगितलंस तर तुझा फोन काढून घेतील, बाबा मारतील. म्हणून आज पहिलं वाक्य हे असू द्या की तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझं काही चुकलेलं नाही, तुला कोणी रागावणार नाही. आणि हे वाक्य त्याच्या बापाकडून बोलवून घ्या, तुमच्याकडून नको. खोदून खोदून विचारू नका, तो सांगेल तेवढं ऐका, बाकी अधिकारी विचारतील.

अबोली_वाचते
रविवार, दुपारी १.३०

रावसाहेब काका, तुमच्या वेळीही होतं. मी वाड्यात वाढलेली. वरच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, सगळ्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या द्यायचे, सगळा वाडा त्यांना देवमाणूस म्हणायचा. आईला मी चार वेळा म्हटलं की मला त्यांच्याकडे दूध द्यायला पाठवू नकोस, आणि आई चारही वेळा म्हणाली आळशी आहेस नुसती. आईला दोष देत नाही, माझ्याकडे शब्द नव्हते आणि तिच्या मनात शंका नव्हती. पन्नाशीला आले, लिमलेटचा वास अजून सहन होत नाही. यापुढे लिहिणार नाही.

आणि अनोळखी माणसापासून सावध एवढंच शिकवून भागत नाही हे आकड्यांतही आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांत पाहणी केली होती, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. आणि त्या मुलांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते, तेव्हा 'पोरींना काय शिकवता' म्हणणाऱ्या त्या आजोबांना हेही सांगा.

दर्याकाठची_बाई
रविवार, रात्री ९.४०

खडूफळा सर, तासिका मागितलीत ना, माझी एक देते, रत्नागिरीकडच्या शाळेत दोन वर्षं करतेय, पैसे शून्य, इंटरनेट शून्य.

चौथीच्या वर्गात एक डबा ठेवते आणि पोरांना सांगते की दुसऱ्या शाळेतला एक मुलगा आहे सोनू, वय नऊ, त्याला मित्र हवेत, रोज त्याची एक चिठ्ठी येईल आणि तुम्ही उत्तर डब्यात टाका. पहिल्या दिवशी सोनू लिहितो, मला क्रिकेट आवडतं, तुला काय आवडतं? पोरं भरभरून लिहितात. दुसऱ्या दिवशी, तुझ्या घरी कोण कोण असतं? तिसऱ्या दिवशी, तुझे बाबा कधी समुद्रावर जातात, घरी कधी येतात? चौथ्या दिवशी सोनू एकेकाला वेगळी चिठ्ठी लिहितो, तू माझा सगळ्यात जवळचा मित्र आहेस, ही गोष्ट बाकीच्यांना सांगू नको, तुझ्यासाठी खाऊ आणलाय, शनिवारी शाळा सुटल्यावर एकटाच जेट्टीजवळ ये. सोबत खरंच एक गोळी चिकटवलेली असते.

पाचव्या दिवशी मी विचारते सोनूला कोणी बघितलंय का? नाही. तो नऊ वर्षांचा आहे हे कोणी सांगितलं? त्यानेच! मग दारातून आमच्या शाळेचे बाबल्या काका येतात, वय ५८, पांढऱ्या मिशा, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा, आणि म्हणतात मी सोनू. पहिल्या वर्षी एक मुलगी रडलीच, सोनू खोटा होता म्हणून, तिला समजावायला वेळ गेला, तेव्हा हळव्या पोरांकडे लक्ष ठेवा आणि काकांना आधी सांगून ठेवा की हसू नका. मग सगळे मिळून चिठ्ठ्या परत वाचतो आणि सोनूने काय काय काढून घेतलं त्याची यादी करतो. आडनाव, वाडी, बाबा कधी घरी नसतात, कुत्रा चावतो की नाही. एकाने तर चावी कुठे ठेवतात ते लिहिलं होतं. यादी बघून पोरं आपोआप गप्प होतात.

गेमचं नाव घ्यावंच लागत नाही. शेवटी मी एवढंच विचारते, फोनमध्ये असा सोनू भेटला तर? मग तेच सांगतात. गेल्या वर्षी २२ पोरांत चौघे म्हणाले आम्हाला भेटलाय.

गुपिताचा नियम पण तिथेच होतो. आम्ही दोन गुपितं म्हणतो, हसरं गुपित आणि पोटात दुखणारं गुपित. बाबांच्या वाढदिवसाचा शर्ट आणलाय हे हसरं, ते एक दिवस सगळ्यांना कळणारच असतं. जे कधीच कोणाला सांगू नको म्हणतात आणि आठवलं की पोटात कसंतरी होतं ते दुखणारं, ते त्याच दिवशी सांगायचं, शपथ घातली असली तरी. शपथ मोडली की आई मरते ही भीती आमच्याकडे अजून पोरांत पक्की आहे, तेव्हा मी वर्गात मुद्दाम एक शपथ घेऊन मोडून दाखवते. आई जिवंत आहे, ८१ वर्षांची.

लेस्टरची_सूनबाई
रविवार, रात्री ११.५५ (आमच्याकडे संध्याकाळ)

मस्त धागा. इथे इंग्लंडमध्ये एनएसपीसीसी नावाची संस्था आहे, त्यांचा 'पँट्स' नियम पोरांना पहिलीतच शिकवतात, चड्डीच्या आतलं ते खाजगी, तुझं शरीर तुझं, नाही म्हणजे नाही, त्रास देणारं गुपित बोलायचं, आणि मदत मागायची. एक डायनासोर आहे त्यांचा चड्डी घातलेला, गाणं म्हणतो. लेकाने घरी येऊन सगळं म्हणून दाखवलं आणि नेमक्या सासूबाई आलेल्या, त्या त्याला न्हाऊ घालायला गेल्या तर हा बाथरूममधून ओरडतोय आजी माझं शरीर माझं! सासूबाई दोन दिवस फुगून बसल्या. मग मी त्यांना म्हटलं आई तो तुम्हाला नाही म्हणू शकतोय म्हणजे उद्या कोणालाही म्हणू शकेल. त्या म्हणाल्या बरं पण डोक्याचं तेल कोण काढणार. तोडगा असा निघाला की आजी फक्त डोकं आणि पाठ.

आपल्याकडे हेच अवघड आहे बघा, आत्याला पापी दे, काकांच्या मांडीवर बस, पोर मागे सरलं तर लाजतोय काय म्हणून ढकलायचं. सहा दिवस ढकलायचं आणि सातव्या दिवशी वर्गात सांगायचं नाही म्हण.

हंगामी_मास्तर
सोमवार, सकाळी ६.३०

मी बीडकडचा. वर सगळे आईला सांगा, बापाला विश्वासात घ्या लिहितायत. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलशिवाय येत नाहीत. पोरं आजीजवळ, चुलत्याजवळ, नाहीतर सोबत फडावर. जी मागे राहतात त्यांच्यावर घरात कोणाचीच नजर नसते आणि गावात सगळ्यांना माहीत असतं की हिचे आईबाप इथे नाहीत.

पाच बोटांचा खेळ घेतात ना, वहीवर पंजा गिरवायचा आणि प्रत्येक बोटावर विश्वासाच्या एका माणसाचं नाव लिहायचं, तो घेतला तर एका मुलीने फक्त करंगळीवर लिहिलं, आजी, आणि बाकी चार बोटं रंगवून टाकली. त्या दिवशी मी मोबाईलबिबाईल सगळं बाजूला ठेवलं. आता माझ्या वर्गात नियम असा की एक बोट तरी घराबाहेरचं पाहिजे, आशाताई, अंगणवाडी सेविका, शेजारची मावशी, आणि त्या बाईला मी स्वतः जाऊन सांगतो की बाई तुझं नाव अमकीच्या बोटावर आहे, ती आली तर ऐकून घे. बायांना फार अप्रूप वाटतं. एकीने पोरीला त्या दिवशीपासून संध्याकाळचा चहा सुरू केला. पंजाच्या तळव्यावर १०९८ लिहायचं, दहा नऊ आठ, तीन आकडे पाठ करायला सोपे.

आणि एक, 'नाही म्हणा, पळा, ओरडा' शिकवताना जोडीला हेही सांगा की ओरडायला नाही जमलं तरी चालतं, भीतीने आवाज बसतो, नंतर सांगितलं तरी चालतं, चार महिन्यांनी सांगितलं तरी. नाहीतर ज्याच्याबरोबर घडलंय ते पोर मागच्या बाकावर बसून म्हणतं की मी कुठे ओरडलो होतो.

रावसाहेब६१
सोमवार, दुपारी १२.२०

अबोलीताई, आपली पोस्ट दोनदा वाचली. मी लिहिलेलं मागे घेतो.

माझी नात सात वर्षांची आहे, रिक्षाने शाळेत जाते. तिला घाबरवून न सोडता काय विचारावं?

निंबोणी
सोमवार, दुपारी २.०५

काका, 'काही झालं का गं' असं विचारू नका, पोरं नाही म्हणून मोकळी होतात. रिक्षात कोण कुठे बसतं, पुढे काकांजवळ कोणाचा नंबर लागतो, शेवटी कोण उतरतं, तेवढ्यात काका काय गप्पा मारतात, असं गंमतीत विचारा, रोज थोडं. शेवटी उतरणारं मूल एकटं किती वेळ असतं ते तुम्हालाच कळेल, आणि नात शेवटची असेल तर मार्ग बदलून मागा, बहुतेक रिक्षावाले ऐकतात. ती काही सांगायला लागली तर चेहरा जागेवर ठेवा, पोरं शब्दांआधी चेहरा वाचतात.

हवालदारीण
सोमवार, रात्री १०.३०

ड्युटी संपली. फोनच्या सेटिंगबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून पटकन. बापाच्या फोनवर गेम खेळतात म्हणजे बापाच्या वयाच्या खात्यावर खेळतात, त्यामुळे लहान मुलांसाठीची बंधनं लागतच नाहीत. गेममध्ये व्हॉइस चॅट आणि अनोळखी लोकांच्या फ्रेंड रिक्वेस्ट बंद करता येतात, ते आधी करा. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते 'माझे कॉन्टॅक्ट' करा. अँड्रॉइडला गूगलचं फॅमिली लिंक फुकट आहे, पोराचं वेगळं खातं काढून त्यात घाला. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप दोन्हीला स्वतःच्या खात्यासाठी वय किमान १३ लागतं, तिसरीतल्या पोराचं खातं कोणी काढून दिलं ते घरात विचारा, बहुतेक वेळा मामा निघतो.

पण माझा अनुभव, सेटिंगपेक्षा जागा महत्त्वाची. फोन ओट्यावर नाहीतर स्वयंपाकघरात, कानात काही न घालता, आवाज मोठा. पलीकडच्याला घरातली भांडी ऐकू आली की तो निम्म्या वेळा निघून जातो.

आणि गुरुजी लोकहो, शाळेच्या फेसबुक पेजवर पोरांचे फोटो नाव-इयत्ता-गावासकट टाकता ते थांबवा आधी. सोनूला चार दिवस चिठ्ठ्या लिहायची पण गरज पडणार नाही.

खडूफळा
पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ९.१५

उशीर झाला, माफी. सगळं लिहिता येणार नाही, तपास चालूये, तरी जेवढं चालेल तेवढं सांगतो.

त्या रविवारी गेलो. बाप आधी पोरावर धावला, मी मधे उभा राहिलो, मुख्याध्यापकांनी त्याचा हात धरला (हे मी त्यांच्याबद्दल लिहीन असं वाटलं नव्हतं). निंबोणी ताईंचं वाक्य बापाला ओसरीवर तीन वेळा म्हणायला लावलं, शेवटी आत जाऊन तो पोराला म्हणाला तुझं काय चुकलं नाही, आणि तिथेच रडायला लागला. पोरगं उलट त्याला पाणी घेऊन आलं. त्याने फोटो पाठवले होते, किती ते लिहीत नाही. पलीकडून आता धमक्या सुरू झाल्या होत्या आणि पोर चार दिवस जेवत नव्हतं, आई म्हणत होती दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळून झालेल्या.

सोमवारी फोन घेऊन ठाण्यात गेलो. मंगळवारी एक मॅडम साध्या पंजाबी ड्रेसमध्ये घरी आल्या, शेजाऱ्यांना वाटलं पाहुण्या आल्यात. फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' नावाच्या सेवेबद्दलही त्यांनी सांगितलं, त्यात फोटो द्यावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक सांकेतिक आकडा तयार होतो आणि ज्या कंपन्या त्यात सामील आहेत त्या तो शोधून काढतात. ते केलं.

शाळेत: आयांची बैठक घेतली, १९ जणी आल्या, चहा अंगणवाडीच्या ताईंनी केला. फळ्यावरची आकृती आधी त्यांना दाखवली. ते आजोबा पण दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, शेवटी विचारलं आमच्या नातवाला पण शिकवणार का. मुलग्यांना पण का, म्हणून. हो म्हटलं.

विहीर, डीपी, ओढा, आणि मग अंगाचा नियम, असा तास घेतला. हसले, मी पण हसलो, चाळीस मिनिटं झाली कळलं नाही. फेसबुकवरचे फोटो काढायला दोन रात्री गेल्या, पाच वर्षांचे होते. तक्रारपेटीची किल्ली आता ताईंकडे आहे, माझ्या कपाटात होती हे लिहायला लाज वाटते, म्हणजे तक्रार माझ्याबद्दल असती तर. पेटी पण ऑफिसच्या दारातून हलवून मुलींच्या मुताऱ्यांच्या वाटेवर लावली, तिथे टाकताना कोणी बघत नाही. आज उघडली तर सात चिठ्ठ्या. पाच बटाट्याच्याच आहेत. दोन ताईंनी माझ्याकडे न देता बाजूला ठेवल्यात, सोमवारी बोलू म्हणाल्या.

दर्याकाठच्या बाई, सोनूच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा इथे टाकाल का? आमच्याकडे जेट्टी नाही, तिथे पाझर तलाव घालतो.

दर्याकाठची_बाई
शुक्रवार, रात्री ९.५०

टाकते हो, वहीत आहेत, टाइप करायच्यात. सध्या भात झोडायचं काम चालूये घरी, रविवारपर्यंत वेळ द्या. पाचव्या दिवशीचा माणूस मात्र आत्ताच शोधून ठेवा, मिशा असतील तर बरं.